आगबोटीच्या पोटातलं निर्माल्य

माझं लग्न झालं त्याच महिन्यात मामंजींची आगबोट बंद पडली, आणि या दोन गोष्टींचा संबंध जोडायला सासूबाईंना फारसा वेळ लागला नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. पांढऱ्या पायाची म्हणजे काय ते मला कळत नव्हतं. मी आपली विहिरीवर जाऊन पाय घासघासून बघत असे, तर ते घरातल्या इतरांइतकेच सावळे.

आगबोट म्हटलं की लोकांना मुंबईच्या धक्क्यावरचं जहाज दिसू लागतं. आमची तशी नव्हती. पंधरावीस माणसं दाटीवाटीने बसतील एवढी लाकडी होडी, मधोमध माणसाच्या उंचीचा उभा बॉयलर, त्याच्या पायाशी एक लहानसं इंजिन आणि मागे पाण्यात फिरणारा पंखा. मामंजींनी ती ठाण्याला एका लिलावात घेतली. कल्याणच्या बंदरातून खाडीने भात आणि गवत ठाण्याला न्यायचं, असा बेत. रेल्वे येऊन तेव्हा पंचवीस वर्षं होऊन गेली होती आणि तोच माल ती कितीतरी लवकर नेत होती. हे मामंजींना कुणी सांगितलं नाही असं नाही; पण लिलावात हात वर केलेल्या माणसाला काही सांगून उपयोग नसतो. दोन वर्षं बोट कशीबशी चालली. मग मुंब्र्याजवळ गाळात रुतली, रत्नागिरीकडचा मुसलमान ड्रायव्हर गावी गेला तो परत आलाच नाही, आणि बोट कल्याणच्या बंदरात आणून चिखलावर ओढून ठेवली. इंजिन आणि बॉयलर चोरीला जाऊ नयेत म्हणून काढले आणि बैलगाडीने आमच्या मागच्या पडवीत आणून गोणपाटात गुंडाळले. तिथे ते सात वर्षं पडून होते. गावात कुणी "आगबोट कधी सुटणार?" असं विचारलं, की मामंजी त्या माणसाशी बोलणं टाकत. सात वर्षांत बोलायला माणसं फारशी उरली नव्हती.

घरातलं एक काम मात्र माझ्या एकटीच्या वाट्याला आलं होतं, निर्माल्याचं. आमच्या देवघरात देव किती होते ते देवालाच ठाऊक. रोज टोपलीभर फुलं, दूर्वा, बेल, तुळस चढायची आणि दुसऱ्या दिवशी उतरायची. उतरलेलं निर्माल्य पायदळी येता कामा नये, केरात जाता कामा नये, ते वाहत्या पाण्यातच सोडायचं. वाहतं पाणी म्हणजे खाडी. खाडी घरापासून लांब, आणि सुनेने बंदराकडे फिरकायचं नाही. म्हणून मी टोपली गड्याकडे द्यायची आणि त्याने ती न्यायची, अशी सासूबाईंची व्यवस्था. गडी कधी जागेवर सापडत नसे. टोपली धरून मी परसात उभी, आणि आतून सासूबाई, "खाली ठेवू नकोस हं! आणि ओलांडू नकोस!"

एक दिवस हात भरून आले तेव्हा मी पडवीच्या कठड्यावर चढून बॉयलरवरचं गोणपाट वर केलं. बॉयलरच्या डोक्यावर मूठ जाईल एवढं भोक होतं. त्यावरची झडप काढून बाजूला ठेवलेली होती. मी विचार केला, हे आगबोटीचं यंत्र. आज ना उद्या हे पाण्यातच जायचं आहे. म्हणजे यात टाकलेलं निर्माल्य पाण्यातच गेलं, फक्त जरा आधी निघालं. तेव्हाचा माझा हा युक्तिवाद आजही मला खोडून काढता येत नाही.

तेव्हापासून गडी नसेल त्या दिवशी मी निर्माल्य बॉयलरच्या पोटात सोडू लागले. बॉयलरचं पोट मोठं होतं, आणि वाळलं की सगळं खाली बसे. पूजेत गणपती म्हणून मांडलेली सुपारीही अशीच. ती आमच्याकडे खायची नाही, टाकायची नाही, पाण्यात सोडायची. तिच्यासाठी मी इंजिनातून वर तोंड करून उभी असलेली एक तांब्याची नळी शोधून काढली. सुपारी तीत अगदी बेताची मावे. वरून सोडली की टणटणत खाली जायची आणि शेवटी आत कुठेतरी 'टक्' व्हायचं. त्या घरात मला मिळालेली करमणूक ती एवढीच. दर खंडेनवमीला सासूबाई विळीकोयत्याबरोबर इंजिनाचीही पूजा करीत, त्याला कुंकू लावून पदर पसरीत, आणि मी मागे उभी राहून ओठ चावून हसू दाबीत असे.

आता आमच्या यजमानांविषयी. त्या काळी नवऱ्याला "इकडून" म्हणायचं, नाव घ्यायचं नाही. जणू माणूस नव्हे, दिशाच. इकडून मॅट्रिकला दोनदा आपटणं झालं होतं. इंग्रजी आणि गणित दोन्ही डोक्यात शिरत नव्हती, पण कल्याण स्टेशनातलं कुठलंही इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखून त्याचं दुखणं काय ते हे सांगत. आगबोट चालत होती तोवर हे त्या ड्रायव्हरच्या मागे मागे हिंडून सगळं शिकले होते. मामंजींच्या मते ही विद्या लोहाराची आणि आपल्या घराला न शोभणारी. लिलावात आगबोट घेणं घराला शोभत होतं, ती चालवणं नव्हतं.

मी सोळा वर्षांची झाले त्या वर्षी मामंजींनी ओसरीवर बसून, आतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात, निकाल सांगितला. धुळ्याला त्यांच्या मावसभावाने कचेरीत कारकुनाची जागा पाहून ठेवली होती. यांनी तिकडे जायचं आणि सुनेने इथे राहायचं, बिऱ्हाड करायचं ते पुढे तीनचार वर्षांनी पाहू. यांनी खाली मान घालून एवढंच विचारलं, "आणि मी आगबोट चालू केली तर?"

सात वर्षं लोकांनी केलेली थट्टा मामंजींच्या डोळ्यांपुढून जात असावी. मग म्हणाले, "चैत्री पुनवेपर्यंत. त्या दिवशी चालली तर ती तुझी, राहा इथे आणि काळा हो. नाही चालली तर दुसऱ्या दिवशी धुळं."

मला हे आवडत होते. हे असं लिहिणं आमच्या पिढीला शोभत नाही, पण न लिहिण्याचं वय आता उलटून गेलं. सगळ्या घरात माझ्याशी आवाज न चढवता बोलणारा हा एकच माणूस, आणि तोही दिवसातून पाचसहा वाक्यं. ती पाचसहा वाक्यं धुळ्याला गेली असती तर मी त्या सासूच्या तावडीत एकटी काय केलं असतं? आणि त्याच बॉयलरच्या पोटात माझी सात वर्षांची पूजा भरलेली होती.

दुसऱ्याच दिवशी यांनी गोणपाट काढायला घेतलं. आधी गांधीलमाश्यांचं पोळं निघालं, मग भट्टीच्या जागेतून एक मांजर आणि तिची तीन पिल्लं. मी स्वयंपाकघराच्या दाराआडून पाहत होते, आता फुलं निघणार आणि आकाशपाताळ एक होणार. यांनी बॉयलरच्या भोकात डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सरळ उभे राहिले, हात झटकले आणि मुकाट्याने इंजिनाकडे वळले.

दोन दिवसांनी, पडवीत कुणी नाही असं पाहून, मीच जाऊन डोकावले. आत काही नव्हतं. एक पाकळी नाही, पान नाही. कुजून माती झाली असेल, उंदरांनी नेली असतील, नाहीतर गणपतीला माझी दया आली असेल. मी शेवटचं कारण मानून घेतलं, कारण त्यात माझा मोठेपणा होता. फुलं गेली तशा सुपाऱ्याही गेल्या असणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

मग महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. गंजलेल्या प्रत्येक नटावर घासलेट टाकून ठेवायचं आणि वाट पाहायची. दट्ट्या आपल्या नळकांड्यात असा धरला होता, की हलायचं नाव नाही. यांनी वरून कढत एरंडेल ओतलं आणि रोज सकाळी लाकडी ठोकणीने एकच हलका ठोका द्यायचा नेम धरला. "जोर लावा की," मामंजी म्हणत. "जोर लावला तर तडकेल," हे म्हणत, आणि पुन्हा एक ठोका. दहाव्या दिवशी मोठं चाक बोटभर हललं. यांनी ते कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी जेवताना दोनदा भात मागून घेतला. वरच्या त्या तांब्याच्या नळीत तेल सोडून पाहिलं, तर ते खाली हळूहळू ठिबकलं. नळी मोकळी आहे असं यांनी धरलं. पितळेचं सामान घासायचं काम माझ्याकडे आलं. परसातली सगळी चिंच मी त्यावर संपवली. चिंच, राख आणि काथ्या. घासताना मान वर करायची नाही, कारण मान वर केली की डोळे भरून यायचे आणि सासूबाई म्हणायच्या, "चिंच डोळ्यात गेली वाटतं."

बंदरावर म्हातारा तांडेल होडीच्या फटी काथ्या आणि राळ घालून बुजवीत होता. तो खाडीकाठचा आगरी, पूर्वी याच बोटीच्या सुकाणूवर असलेला. पुनवेच्या आधी आठ दिवस इंजिन आणि बॉयलर गाडीने बंदरावर गेले आणि पुन्हा होडीत बसले.

चैत्री पुनव आली. होडी चिखलावर इतकी वर होती, की उधाणाची भरती आली तरच तरंगणार. भटजींनी मारुतीच्या जन्माचा दिवस म्हणून मुहूर्त उत्तम सांगितला, मारुती वाऱ्याचा मुलगा आणि वाफ म्हणजे वाराच. पूजा आटोपली, नारळ फुटला. आम्ही बायका बैलगाडीत पडद्याआड बसलो होतो. बंदरावर सगळं गाव लोटलं होतं. मामंजींनी ज्यांच्याशी बोलणं टाकलं होतं ते तर झाडून सगळे.

कोळसा पेटला. घटकाभराने बॉयलर गुरगुरू लागला. पाणी होडीला लागलं, होडी हळूच हलली. यांनी वाफेचा नळ उघडला. मोठं चाक अर्धा फेरा गेलं, आणि आतून आवाज आला, 'टक्'.

चाक थांबलं. तो आवाज साऱ्या बंदरावर माझ्याशिवाय कुणाच्याही ओळखीचा नव्हता.

यांनी नळ बंद केला, उघडला. काही नाही. चाक मागेपुढे हलवून पाहिलं. आदल्या दिवसापर्यंत हाताने फिरणारं चाक आता एका जागी अडकलं होतं. गावातल्या कुणीतरी विचारलं, "आगबोट कधी सुटणार हो?" लोक हसले. मामंजींची मान ताठ झाली. "लाव जोर," ते यांना म्हणाले. आणि महिनाभर ज्या माणसाने जोर लावला नव्हता, त्याने पहार उचलली, चाकाच्या आऱ्यात घातली आणि वाफेचा नळ पुरता उघडला.

"दादा, नको रं!" तांडेल ओरडला. "वाफ भरलीय आत. चाक एकदम सुटला त पहार उसलल, हात जाल खांद्यापासना! भरती दोन घटका हाय आजून, जरा दम खा."

यांनी ऐकलं नाही. पहारीवर छाती टेकली. मी गाडीचा पडदा सारला, खाली उतरले आणि चालत धक्क्याच्या कडेपर्यंत गेले. सासूबाई मागून काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. सात वर्षांत मामंजींच्या समोर माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता. त्या दिवशी निघालेलं पहिलं वाक्य असं होतं: "आत सुपाऱ्या आहेत."

यांनी पहार सोडली आणि माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत नवऱ्याने बायकोशी बोलण्याची रीत नव्हती, पण यांनी विचारलं, "किती?"

"अकरा."

यांनी नळ बंद केला. इंजिनाच्या बाजूला वाफेची पेटी होती. त्या नळीतून गेलेल्या सुपाऱ्या त्या पेटीच्या तळाशी पडून राहिल्या होत्या आणि वाफेने त्यांना उचलून झडपेच्या फटीत नेऊन बसवलं होतं. विघ्नहर्ता म्हणतात तो हा. पेटीचं मोठं झाकण गंजून चिकटलेलं, ते काढायला दोन दिवस हवेत. भरती तेवढी थांबणार नव्हती, आणि मामंजीही. बाजूला एक छोटं झाकण होतं, दोन नटांचं. ते निघालं. यांचा हात आत जाईना. तांडेलाचा तर पंजाही मावेना.

मी होडीत उतरले.

"बांगड्या!" सासूबाई गाडीतून किंचाळल्या. "सवाष्णीने बांगड्या उतरवायच्या नाहीत! नवरा समोर उभा आहे!"

त्या उतरणार कशा? कासाराने हात दाबून दाबून चढवलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. "उतरवत नाही," मी म्हणाले, आणि हात आत घातला. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, अशी आमच्यात रीत आहे. माझ्या सगळ्या बांगड्या त्या भोकात वाढल्या आणि वाढून मनगटात शिरल्या. पेटीवर ओलं गोणपाट टाकलं होतं, तरी आत चुलीतल्यासारखं तापलेलं. एक सुपारी हाताला लागली, मग दुसरी. मी काढत होते आणि हे मोजत होते. दहा निघाल्या. अकरावी फटीत दातासारखी रुतून बसली होती. मी नखाने उचकटली, नख गेलं, सुपारी निघाली. मी मोठ्याने रडले. दुखलं म्हणून रडले, लाज म्हणून नव्हे, हे स्पष्ट लिहून ठेवते.

झाकण बसलं. यांनी नळ उघडला. चाक फिरलं, थबकलं, पुन्हा फिरलं, आणि मग फिरतच राहिलं. मागचा पंखा चिखल उडवू लागला आणि तो धक्क्यावर पुढे उभ्या असलेल्या प्रतिष्ठितांच्या धोतरांवर नीट बसला. माझ्या रडण्यातही मला बरं वाटलं.

मला खाली उतरवून आगबोट डोंबिवलीकडे गेली. डोंबिवली म्हणजे तेव्हा भातखाचरं, मिठागरं आणि थोडी घरं. तिथल्या मोठागावच्या धक्क्यापर्यंत जाऊन ती ओहोटीच्या आत परत आली. मामंजी पुढच्या टोकाला पगडी धरून बसले होते. उतरल्यावर सर्वांसमोर म्हणाले, "धुळ्याला कळवा. जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं." गणपतीनेच अडवलं आणि गणपतीनेच सोडवलं, असं भटजींनी गावात सांगितलं. माझ्या हाताचा उल्लेख त्यात नव्हता. सासूबाईंनी त्या उकडलेल्या अकरा सुपाऱ्या धुऊन देवघरात नेल्या, कासाराला बोलावणं धाडलं, आणि मग सात वर्षांचं सगळं एकदम मला ऐकवायला बसल्या.

उन्हं कलली तेव्हा मी मागच्या पडवीत बसले होते. हे लोण्याची वाटी घेऊन आले. दिवसाउजेडी नवऱ्याने बायकोच्या हाताला लोणी लावायचं म्हणजे काय हे आजच्या मुलींना कळायचं नाही. मी हात मागे ओढला, यांनी पुन्हा पुढे घेतला.

"फुलांचं मला माहीत होतं," हे खालच्या आवाजात म्हणाले. "सुपाऱ्यांचं नव्हतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवशी डोकावलो तेव्हापासून. पाच टोपल्या निघाल्या. पहाटे मीच खाडीवर नेऊन सोडल्या."

"आणि मला सांगितलं नाहीत? महिनाभर? मी इथे मेल्याहून मेलेली झाले होते! विचारलं असतं तर सुपाऱ्यांचं मी तेव्हाच सांगितलं असतं!"

"विचारलं असतं तर तू घाबरली असतीस. घाबरलीस की आईला कळतं." यांनी मनगटातली एक काच काढली आणि जमिनीवर ठेवली. "यंत्र माझ्याने चाललं नाही म्हणून मी धुळ्याला गेलो असतो, तर त्यात काही मोठं नव्हतं. ते तुझ्यामुळे चाललं नाही असं झालं असतं, तर मी गेल्यावर या घरात तू राहिली कशी असतीस?"

मला राग आला. एवढा राग मला त्या घरात कधीच आला नव्हता, आणि तो काढायला समोर हाच माणूस होता, माझ्या हाताला लोणी लावत बसलेला. पुढे आम्ही चाळीस वर्षं संसार केला. भांडायची खोड मी काही सोडली नाही, पण त्या दुपारनंतरचं प्रत्येक भांडण मी तोंड उघडायच्या आधीच हरलेली असे.